एका डब्यात सहा पिल्लं

…तर पाण्याची पिशवी माझीच होती, इथवर काल आलो होतो. लाल, रबरी, गुडघे शेकायची. श्रीराम दारात उभा, कानटोपी घातलेला, हातात टॉर्च. म्हणाला, "काका, तुमच्याकडे गरम पाण्याची पिशवी आहे ना? पिल्लं गार पडायला लागलीत."

"कुणाची पिल्लं?" आतून सूनबाईचा आवाज.

"सापांची," मी म्हणालो, आणि पिशवी शोधायला लागलो. सूनबाईनं आतूनच देवाचं नाव घेतलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. इथं परदेशात, बॉथेल गावी, आमच्या भिंतीला भिंत लागून श्रीराम राहतो. मूळचा नागपूरचा, वय सत्तेचाळीस. एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. ते बंद पडले की याचा फोन वाजतो, मग तो जेवत असो की आंघोळीत असो. माणूस सरळ. किती सरळ, तर रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी स्टॉपच्या पाटीपुढे गाडी थांबवून तीनपर्यंत आकडे मोजतो. मी शेजारी बसलेला असलो तर मोठ्यानं मोजतो. मी एकदा म्हटलं, "अरे, बैलगाडीसुद्धा एवढी थांबत नाही." तर म्हणाला, "बैलाला दंडाचं तिकीट मिळत नाही काका."

बायको विनीता तीन वर्षांपूर्वी वेगळी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. याचं घरात लक्ष नसतं, एवढीच तिची तक्रार, आणि ती खोटी नव्हती. मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमाला हा वेळेवर पोचला, पण फोन कानाला लावून गाड्यांमध्येच उभा राहिला. आत आला तेव्हा पडदा पडला होता. अनिका ते विसरली नव्हती.

अनिका चौदा वर्षांची. एक आठवडा आईकडे, एक बापाकडे. पण पोरीला सारखी बॅग भरायचा कंटाळा आला. मग दोघांनी तिला सांगितलं, कायम कुठं राहायचं ते आता तूच ठरव. नोव्हेंबरच्या सुट्टीवरून आल्यावर ती सांगणार होती. श्रीरामचं जेवणावरून लक्ष उडालं होतं ते त्यामुळे.

त्याच्या पारड्यात एकच वजन होतं, ते म्हणजे साप. विनीताला सापाचं चित्रसुद्धा चालत नाही, म्हणून अनिकाचे साप याच्या घरी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची किंगस्नेक जातीची मादी. तिनं उन्हाळ्यात अंडी घातली आणि ऑगस्टच्या शेवटी सहा पिल्लं निघाली. करंगळीहून बारीक, फूटभर लांब. पोरीनं त्यांना फराळाची नावं दिली: चकली, शेव, करंजी, लाडू, चिवडा आणि अनारसा. मला प्रत्येकाची ओळख करून दिली. मी म्हटलं, "मला सगळी शेवच दिसते." तर म्हणाली, "आजोबा, यू आर नॉट लुकिंग!"

प्रत्येकाला वेगळा डबा, झाकणाला भोकं, खाली विजेवर तापणारी पट्टी. सुट्टीत मायलेकी शॉमबर्ग गावी मावशीकडे निघाल्या, तेव्हा तिनं फ्रिजवर एक कागद लावला. दारातून परत फिरून बापाला म्हणाली, "बाबा, प्लीज नीट वाच. ॲट लीस्ट नंबर वन."

नंबर वन लाल शाईत होता. दोन पिल्लं एका डब्यात कधीही ठेवायची नाहीत.

सोमवारी संध्याकाळी वारं सुटलं. इथली झाडं चार-चार मजले उंच. ती विजेच्या तारांवर पडली आणि गाव काळोखात गेलं. हीटर बंद. दुसऱ्या दिवशी घरात तोंडातून वाफ निघायला लागली. सुदैवानं श्रीरामची शेगडी गॅसची, काडी ओढून पेटणारी, म्हणून पाणी तापवता येत होतं. मादी मोठी, ती गारठा सोसेल; पण पिशवी एक आणि पिल्लांचे डबे सहा.

आम्ही दोघं डब्यांसमोर बसलो. पिल्लं हात लावला तरी हलेनात.

मीच म्हणालो, "एकत्र घाल की सगळी. आम्ही सात भावंडं एका वाकळेखाली निजायचो. कोण मेलं?"

त्यानं फ्रिजवर टॉर्च मारला. "काका, अनिकानं नको म्हणून लिहिलंय."

"अरे, इथं पोर जन्मलं की त्याला वेगळी खोली. तिला वाटलं, सापांनाही तसंच लागतं."

तो हसला. त्याच्या लहानपणी चौघं भावंडं एका परातीत जेवायची, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मोठ्या डब्यात त्यानं पिशवी ठेवली, वर टॉवेल घातला, आणि एकेक पिल्लू उचलून सहाही आत सोडली.

आणि काय सांगू, कौतुक वाटलं बघा! सहाजणांनी एकमेकांत डोकी खुपसली आणि लोकरीचा गुंडा होऊन बसली. तीन दिवस तशीच. श्रीराम दर तीन तासांनी पाणी बदलायचा. अलार्म लावून उठायचा. मी दिवसभर तिथंच. त्याला गोष्टी सांगितल्या. कणगीतली धामण सांगितली. शाळेत गारुडी आला तेव्हा आमचे मास्तर टेबलावर चढून तिथूनच हजेरी घ्यायला लागले, ते सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "अनिकाला हे सांगा काका. ती आली की सांगा."

शुक्रवारी सकाळी वीज आली. फ्रिज गुरगुरला, हीटर सुरू झाला. सहा डब्यांच्या पट्ट्याही तापल्या असतील. तेव्हाच पिल्लं जिथल्या तिथं ठेवायची, की नाही? पण श्रीराम मला म्हणाला, "तीन दिवस किती गुण्यागोविंदानं राहिलीत बघा ना. आता वेगळी करवत नाही हो." ज्याचं घर दोन ठिकाणी झालंय, त्याला मी काय बोलणार? मीही म्हटलं, "राहू दे आजच्या दिवस."

त्या दिवशी त्यांचा जेवणाचा वार होता. या पिल्लांना गोठवलेली उंदराची पिल्लं देतात, गुलाबी, अंगावर केस नसलेली. फ्रीझरमधली विजेअभावी नासली होती, म्हणून त्यानं दुकानातून सहा ताजी आणली. मी तीन दिवसांनी गरम पाण्यानं आंघोळीला निघालो होतो. हा अंगणातून ओरडला, "काका, पंगत बसवतोय! येता का जेवायला?"

"तुझी पंगत तुलाच लखलाभ!" मी म्हटलं.

त्यानं डब्यात उंदराची सहा पिल्लं सहा ठिकाणी ठेवली. फोटो काढला, तो त्यानं मला नंतर दाखवला. पोरीला अजून पाठवला नव्हता. सगळ्यांची जेवणं झाली की पाठवणार होता, सहाजण एका पंगतीला जेवले असं लिहून. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. वीज आल्यावर सगळे सर्व्हर एकदम उठत होते आणि पडत होते. दोन तास लागले.

मी केस पुसत होतो तेव्हा भिंतीवर थापा ऐकू आल्या.

गेलो तर तो जमिनीवर बसलेला, डबा मांडीत. डब्यात पिल्लं कमी. मी आधी म्हटलं, निसटली. मग चकली बघितली. कोपऱ्यात पडली होती, मधोमध अंगठ्याएवढी जाड, कातडी ताणून खवल्यांमधली जागा दिसत होती. शेव तिच्या आत होती. आणि डब्याच्या मधोमध अनारसा, जबडा फाकलेला, त्यातून करंजीची शेपटी बाहेर. एकच उंदीर दोघांनी दोन टोकांनी धरला असणार. गिळत गिळत तोंडाला तोंड आलं, आणि मोठा थांबला नाही. शेपटी अजून हलत होती.

"ओढू नकोस," मी म्हटलं. सापाचे दात आत वळलेले असतात, हे मला ठाऊक होतं. पण बापाचे हात ते. त्यानं ओढली. करंजी बाहेर आली ती मेलेलीच, डोकं ओलं आणि चपटं. अनारशाचा जबडा फाटला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. लाडू आणि चिवडा टॉवेलखाली होते, आपापला उंदीर खाऊन स्वस्थ.

नंतर अनिकानंच सांगितलं, गारठलेल्या सापाला भूक नसते. तीन दिवस जे आम्हाला प्रेम वाटलं ते गारठणं होतं. ऊब आली, मांसाचा वास आला, आणि डब्यात हललं ते सगळं अन्न झालं. आणि किंगस्नेकला राजा म्हणतात तो दुसरे साप खातो म्हणून. मला कुठून कळणार, असं म्हणायची सोय मला नाही. मण्यार सापच खाते, हे आमच्या गावात शेंबडं पोर सांगेल. लहानपणी ओढ्याकाठी मी स्वतः बघितलंय. तीन दिवस त्या डब्यापाशी बसून मी त्याला जगभरच्या गोष्टी सांगितल्या, आणि नेमकी ही सांगितली नाही.

शनिवारी आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. तो पीत नव्हता.

मी म्हटलं, "ऐक माझं. वीज नव्हती, अंधारात डबा हातातून पडला, तीन पिल्लं निसटली. हीटरच्या जाळीतून कुठं गेली देव जाणे. पोरगी रडेल चार दिवस. पण उरलेली तीन आहेत, मादी आहे, ती येत राहील. कोण तपासायला येतंय?"

त्यानं कप बाजूला सरकवला.

"श्रीराम, घराचं ठरायचंय अजून."

"माहितीये काका."

रविवारी दुपारी विनीतानं पोरीला दारात सोडलं. मी खिडकीत होतो, ऐकू सगळं येत होतं. बॅग खाली ठेवायच्या आधीच श्रीराम बोलला. "मी एकत्र ठेवली. शेव, करंजी, अनारसा मेले."

अनिकानं विचारलं, "टुगेदर? फीड पण टुगेदर केलंस?"

"हो."

"यू रेड नंबर वन?"

"वाचला होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली, तिन्ही डबे बघितले, पाणी बदललं, चकलीच्या पोटाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. करंजी आणि अनारसा त्यानं रुमालात गुंडाळून ठेवले होते. ते तिनं मागच्या कुंपणापाशी स्वतः पुरले. त्याला खोदू दिलं नाही. सोमवारी मादी आणि तिन्ही पिल्लं तिनं शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे नेऊन दिली. मंगळवारी फोन केला, की ती आईकडे राहील.

त्याला आता साडेतीन महिने झाले. महिन्यातून एकदा येते, दुपारपुरती. तापणाऱ्या पट्ट्या त्यानं काढल्या नाहीत. डब्यांचं टेबल रिकामं आहे आणि पट्ट्या चालू आहेत.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही. गाडीत होतो, पाटीपुढे थांबलेलो. मी म्हटलं, "एवढं एक खोटं बोलला असतास तर पोरगी आज घरात असती. का नाही बोललास रे?"

त्यानं आकडे मोजले नाहीत. समोर बघत म्हणाला, "काका, निसटली म्हटलं असतं तर तिनं ती शोधली असती. सोफ्याखाली, जाळीत, भिंतीमागं, रोज शाळेतून आल्यावर. आणि मला म्हणाली असती, बाबा, टॉर्च धर. मी धरला असता."