सतत गैरहजर

आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. हा काही ग्रहांचा योग नव्हे. शाळा जूनमध्ये उघडते, बाप पोराला मास्तरांपुढं उभं करतो, डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला लागतो का ते मास्तर बघतात आणि सहा वर्षं मागं मोजून एक जून लिहून टाकतात. बापाची कटकट मिटते, मास्तरांचीही.

या एक जूननं मला गाठलं ते नव्वदीचं दशक सरता सरता. मी तेव्हा बीडला एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत संगणकावर काम करत होते. संस्थेच्या शाळा खेड्यापाड्यांत विखुरलेल्या, आमच्या गावचीही त्यांतलीच. त्यांची दाखल-खारीज रजिस्टरं मी कैक वर्षं एका टेबलावरच्या यंत्रात टाइप केली होती. फॉक्सप्रो नावाच्या तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये, शाळेगणिक वेगळी फाइल. त्या यंत्राला मी कापडाची खोळ शिवली होती आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावला की माझं डोकं फिरायचं. पण दिवस बदलले होते. घरोघरी केबल आली, गल्लोगल्ली एसटीडी बूथ आले, आणि आमच्या अध्यक्षांनी पुण्याला कुठंतरी सर्व्हर पाहिला. हौसेला मोल नसतं. एसी लावलेल्या खोलीत सर्व्हर येऊन बसला, आणि त्याच्या पाठोपाठ औरंगाबादहून एक तरुण इंजिनिअर.

सगळ्या शाळांच्या फाइली आता एकाच ठिकाणी ओतायच्या होत्या. अडचण अशी, की आमच्याकडं एकच मूल दोन शाळांत सापडे. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत जातात, इकडं शाळेत नाव कमी होतं. परत आल्यावर एखाद्याचं नाव आजोळच्या शाळेत नव्यानं लागतं. म्हणून इंजिनिअरनं नियम केला: नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, चारही जुळलं तर मूल एकच. दोन नोंदींची एक करायची. नियम शहाणपणाचा होता. मीच त्याला शाबासकी दिली.

चाचणी घेतली आणि जुळलेल्या नोंदी पडद्यावर आल्या. त्यांत माझं नाव होतं.

"मॅडम, तुम्ही पहिलीत दोनदा बसलात?" इंजिनिअर हसला. हेडक्लार्कनंही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. "ताई, आमाला तर वाटत हुतं तुमी लई हुशार हाव!"

मीही हसले.

दोन ओळींतली वरची नोंद मीच कधीतरी टाइप केली होती, पण माझी नव्हतीच. ती माझ्या थोरल्या बहिणीची होती. पहिलीत असताना ती तापानं गेली, मी तेव्हा चार वर्षांची. आईनं अन्न सोडलं, बोलणं सोडलं. एके दिवशी तिनं मला बहिणीच्या नावानं हाक मारली आणि उठून चूल पेटवली. वडिलांनी घरात बजावलं, आता हिचं नाव हेच. माझं आधीचं नाव काय होतं ते आईनं पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि आज सांगणारं कुणी उरलं नाही. दोन वर्षांनी वडील मला शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी मागची पानं चाळली, तेच नाव, तोच बाप दिसला. जन्मतारीखही तीच उतरवून घेतली. वडील गप्प राहिले.

आमच्यात माणूस पुरतात. बहिणीला शेताच्या बांधाशी ठेवलं होतं; पुढं शेत विकलं आणि नव्या मालकानं बांध नांगरला. फोटो नव्हता. तिच्या वस्तू माझ्याच झाल्या. इतकंच काय, आठवणीसुद्धा. "पहिल्याच दिवशी तू पाटी फोडलीस आणि रडत घरी आलीस," असं आई मला सांगायची. मलाही ती पाटी आठवते, तुकडे आठवतात. पण पाटी फोडणारी मी नव्हते. मग ते तुकडे मी कुणाच्या डोळ्यांनी पाहिले? या विचारानं मला आजही भरदुपारी भीती वाटते.

तिच्या नोंदीत 'शाळा सोडल्याचं कारण' या रकान्यात लिहिलं होतं: सतत गैरहजर. मेली हे शाळेला कुणी कळवलंच नव्हतं. म्हणजे यंत्राच्या लेखी गोष्ट सरळ होती. एक मुलगी गैरहजर राहिली आणि दोन वर्षांनी परत आली.

आईही जन्मभर हेच मानत आली होती.

मला दोन नोंदी हव्या होत्या. तिच्या प्रेमाखातर नव्हे, खरं तेच सांगते. मला तिच्यातून सुटायचं होतं. एकदा त्या सर्व्हरमध्ये आमची नोंद एक झाली असती, तर मी कायमची ती झाले असते. मी इंजिनिअरला बहिणीचं सांगितलं. तो म्हणाला, वरच्या नोंदीत कारण 'मयत' लिहा, मयताच्या नोंदीला नियम हात लावणार नाही अशी सोय करतो. फक्त घरच्यांना विचारून घ्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती; घरचं म्हणजे आई. आणि आईच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

शनिवारी गावी जाऊन मी तिला सारं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला बघायचंय."

सोमवारी आम्ही दोघी निघालो. वाटेत मांजरसुंब्याला एसटी थांबली, सगळे चहाला उतरले. आई उतरली नाही.

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढायची शिस्त होती. आईनं चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मी पडद्यावरच्या दोन्ही ओळी तिला वाचून दाखवल्या.

"गैरहजर म्हंजी?"

"लई दिवस आली नाही."

"कावून आली न्हाई ते लिवलंय का?"

"नाही."

इंजिनिअर समजुतीनं म्हणाला, "मावशी, एक ठेवायचं का दोन?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुला काय पायजे?"

"दोन," मी म्हणाले.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या वाटणाऱ्या परक्या बाईकडं बघावं तशी. मग म्हणाली, "मेली म्हून लिव."

मी 'मयत' टाइप केलं. त्या गार खोलीत तोंडाला पदर लावून आई रडली. इंजिनिअर बाहेर निघून गेला. बहिणीसाठी आईला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला आनंद झाला होता. अंगावरून कुणीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा जुळलेल्या नोंदींत माझं नाव नव्हतं.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आई म्हणाली, "आलीस का गं बाई." त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. जेवायला हाक मारताना 'अगं', फोनवर 'कोण, तू का'. तिच्या तोंडून माझं नाव येईनासं झालं. आधी मला वाटलं, वय झालंय, विसरत असेल.

मग एका सकाळी ती परसात बाजेवर कुरडया घालत होती. मी आत भांडी लावत होते. तिनं हाक मारली. माझं नाव, स्पष्ट, जुन्या मायेनं. मी हातातलं तसंच टाकून दारात धावले.

"काय गं आई?"

तिनं वर पाहिलं.

"तुला न्हाई गं," ती म्हणाली.