रविवारचा जनरेटर

कुडपणच्या चंपाबाईला कोणी म्हातारी म्हटलेलं खपत नसे. दोन म्हशी, एक शेळी आणि वर जनरेटर, एवढं सगळं एकटीने सांभाळणारी बाई म्हातारी कशी? वाडीतली बाकी घरं कुलपात, माणसं मुंबईला. बोलायचं तर म्हशींशी. त्या बिचाऱ्या रवंथ करत ऐकून घेत.

जनरेटर धाडला होता तिच्या लेकाने, दीपेशने. तो वरळीला लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. पावसात घाटात झाड पडलं की वाडीची लाइट जाते ती जातेच, म्हणून ही सोय. एकच ताकीद दिली होती: दर रविवारी मशीन अंगणात काढून थोडा वेळ चालवायचं, नाहीतर पडून पडून बिघडतं. तेवढ्यासाठी तो सकाळी फोन करायचा. चंपाबाई दोरी ओढायची, मशीन धडधडायचं. "चालू हाय ना? बेस्ट. चल आये, ठेवतो." झाला फोन! आठवडाभर वाट बघायची ती एवढ्यासाठी?

मग एका रविवारी मशीन खरंच अडून बसलं. आणि काय सांगू, दीपेश फोन ठेवीचना! "पेट्रोल जुनं झालं असंल आये, ते काढून नवं घाल. प्लग काढ. काळा पडलाय? पॉलिश पेपरनं घास. घाई करू नको गो, मी हाय लाइनवर." ऊन डोक्यावर येईस्तोवर मायलेकांचं चाललं होतं. बोलणं सगळं प्लगाचं नि चोकचं, पण लेकाचा आवाज होता ना कानात! मशीन सुरू झालं तेव्हा चंपाबाईला चक्क वाईट वाटलं.

पुढच्या रविवारपासून बाईने डोकं चालवलं. फोन यायच्या आधीच पेट्रोलचा कॉक बंद, म्हणजे इंजिनला पेट्रोलच मिळायचं नाही! मशीन जरासं घरघरायचं नि गप्प व्हायचं.

"कॉक उघडा हाय ना, आये?"

"हाय की रे. मला काय तेवढं कळत नाय?" बाई बेधडक ठोकून द्यायची. की पुन्हा प्लग काढा, घासा, बसवा. असे कितीतरी रविवार मजेत गेले.

शेवटी दीपेश वैतागला. "आये, तुला हा ताप कशाला? पोलादपूरच्या भिकू मेकॅनिकला सांगितलंय. उद्या येऊन मशीन घेऊन जाईल, त्याच्या जागी इन्व्हर्टर बसवील. त्याला दर रविवारी चालवून बघायला नको. मला पण फोनवर बसायला नको."

चंपाबाईच्या लक्षात आलं, मशीन गेलं की रविवारही गेला!

"थांब रे, थांब जरा!" फोन ओट्यावर ठेवून तिने कॉक उघडला आणि होती नव्हती ती ताकद लावून दोरी ओढली. एकदा, दोनदा. मशीन दणक्यात सुरू झालं. तिने फोन उचलून त्याच्यासमोर धरला. "ऐकलंस? चांगलं हाय रे! नेऊ नको म्हणावं त्याला!"

"अरे वा! मग मिटलंच की. भिकूला नको म्हणून कळवतो," दीपेश मोकळा होत म्हणाला. "चल आये, ठेवतो."

मशीनच्या धडधडाटात तिला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. तिने फोन कानाशी घट्ट दाबला. इतके रविवार बोलणं झालं, पण एक गोष्ट विचारायची राहूनच गेली होती.

"दीपेश, तू बरा हायस ना रे?"

फोन केव्हाच बंद झाला होता. चंपाबाई उत्तराची वाट बघत अंगणात तशीच उभी राहिली.