ऊर्जानगर ते कुरखेडा: बाबांचा विझणारा सूर्य

गेल्या उन्हाळ्यात ऊर्जानगरला बाबांना ऊन लागलं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढचा मे महिना त्यांना तिथे काढू द्यायचा नाही. पुण्याला माझ्याकडे यायला ते तयार नव्हते. शेवटी कुरखेड्याजवळच्या गावी आत्याकडे जाऊन येऊ, एवढ्यावर मार्चमध्ये गाडीत बसले. कपडे मात्र दोनच दिवसांचे घेतले.

बाबांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेली. लहानपणी संध्याकाळी क्वार्टरच्या गच्चीवर पाणी मारून आम्ही गाद्या टाकायचो. तिथेच त्यांनी मला सूर्य समजावला होता: तोही बॉयलरच, आत राख साचत जाणार आणि हळूहळू थंड होणार. पुढे कितीतरी दिवस मी शाळेच्या बसमधून सूर्याकडे काळजीने बघायचे. अजूनही उन्हाळ्याचा विषय काढला की बाबांचं एकच उत्तर, "सूर्य म्हातारा होऊन राह्यला. आता कमीच तापन."

मूल गावापर्यंत रस्ता चांगला आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. पेट्रोल आणि जेवण इथेच उरका. आम्हाला वरण-भातासोबत जवसाची चटणी मिळाली, बाबांनी दोनदा मागून घेतली. आरमोरीपुढे जंगल रस्त्याला भिडतं. या भागात रानहत्ती फिरतात, त्यामुळे चौकशी करून निघा आणि उजेडात पोहोचा. जागोजागी मोहाच्या झाडांखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली दिसते. पहाटे गळालेली फिकी फुलं त्यावर चटकन नजरेस पडतात.

"शंकर, किती वाळला रे तू!" आत्याने दारातच बाबांना धरलं. "इथीच राह्य आता उन्हाळाभर."

"कायले, बाई? सूर्यच थंडा होऊन राह्यला," म्हणत बाबांनी तिला अंगणात बसून राखेचं सगळं प्रकरण सांगितलं.

मी विज्ञानाच्या पानासाठी लिहिते, त्यामुळे गप्प बसवेना. "बाबा, उलटं आहे. हायड्रोजनचं हेलियम होतं, ती सूर्याची राख. ती गाभ्यातच राहते, मग गाभा आकसतो, आणखी तापतो आणि आग वाढते. पृथ्वी नवी होती तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा बराच मंद होता."

"राख काढली नाई तर आमचं युनिट बंद पडे. अन् याचं लोड वाढते?"

"वाढतं."

"मंग हे सारं जळून जाईन म्हन की!" आत्या म्हणाली.

"समुद्र आटतील, आत्या. पण अब्जभर वर्षांनी."

"मंग यंदाचा धान निघन नं? झालं तर."

बाबा हसले नाहीत. "म्हंजे आपला उन्हाळा यानंच वाढून राह्यला?"

"नाही. सूर्याची चाल फार संथ आहे. हा आपण वाढवला."

"कोळसा," ते म्हणाले. एवढंच. त्याच कोळशावर माझं शिक्षण झालं होतं.

तारा प्रखर होत जातो तसा त्याच्याभोवतीचा राहण्याजोगा पट्टा बाहेर सरकतो, आणि ग्रहाला आपली कक्षा सोडता येत नाही. हे मी लेखांतून अनेकदा लिहिलंय. बाबांकडे मात्र आता न सरकण्याची सबब उरली नव्हती.

सकाळी आत्याने त्यांच्या हातात टोपली दिली. "पाहुणा म्हणून नाई ठेवत मी तुले. राह्यचं तं मोह वेचा लागन."

बाबा उकिडवे बसून फुलं वेचत होते, बोटं काळी झालेली. निघायच्या दिवशी गाडीजवळ आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "माह्ये कपडे पाठवून देजो. पाऊस येईपर्यंत पाहतो."

परतताना मी ऊर्जानगरला थांबले. कपडे भरले, कूलरचा प्लग काढला. वीज केंद्रातली पाळी सुटली होती. कंपनीची बस खिडकीखालून गेली आणि सवयीने मी चहा ठेवला, दोघांचा. या घराची हवा आता त्यांना सोसत नाही, हे पटूनही कुलूप लावायला हात वळेना.

पुण्याला पोहोचल्यावर आठवड्याने आत्याचा फोन आला. "तुह्या बापाले वाळल्या मोहाची राखण कराले बसवलं, तं झोपला! अर्धा मोह बकऱ्यांनी खाल्ला."

मागून बाबांचा आवाज आला, "तिले सांग, सावलीत मस्त झोप लागते इथी."