सात्यांच्या सागाची खूण

शाळेत मी पोरांना झाडंझुडपं शिकवायचो आणि जंगलातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हे कबूल करायला बरीच वर्षं लागली.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघे मित्र पोंभुर्ण्याकडच्या रानात गेलो. एक तिथला नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा राखणदार. दुसरा राजुऱ्याच्या बाजारातला कापडवाला. काहीही पाहिलं की याचे हात आधी माप घेत.

नाकेदार एका सागापाशी थांबला. मी मान वर केली आणि टोपी मागे पडली, तरी शेंडा दिसेना. साग काय मी लहानपणापासून पाहत होतो, पण ते सगळे याची नातवंडं वाटावेत. कापडवाल्यानं तिघांचे दुपट्टे एकमेकांना गाठी मारून बुंध्याभोवती फिरवले. टोकं वीतभर लांबच राहिली. त्यानं गाठी सैल करून पुन्हा फिरवले, तरी तेच.

"बियासाठी राखलं आहे हे," नाकेदार म्हणाला. "माह्या बापानंबी हे येवढंच पाह्यलं."

झाडामागे वारूळ होतं. तिकडे वळलो आणि पाय उचलेना. भोवतालची जमीन पांढरी झाली होती. सात्या! वारुळापाशी उगवणारी ही अळंबी मी पानांत गुंडाळलेली बाजारात पाहिली होती. इथे ती टोकदार डोक्यांनी ओली माती फोडून एका रात्रीत वर आली होती. ना कुणी पेरलेली, ना कुणी राखलेली. मी गुडघे टेकले. देवळातसुद्धा इतक्या मनापासून कधी टेकले नव्हते.

"लोखंड नाई लावाचं, हातानंच उपटाचं," नाकेदारानं बजावलं. "अन् जागा कोनाले सांगाची नाई, भावालेबी नाई. डोक्यात ठेवाची."

माझ्या डोक्याचा मला भरवसा नव्हता. ते दोघे पळसाच्या पानांत सात्या घेऊन नाल्यावर धुवायला गेले, तेव्हा मी नाकेदाराची कुऱ्हाड उचलली आणि सागाची तीन-चार तळहातांएवढी साल तासून खूण केली. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो.

दुपारी नाकेदाराच्या घरी जेवायला बसलो. वहिनींनी सात्यांचा झणझणीत रस्सा केला होता. मी मिशीला पीळ देत म्हणालो, "पुढच्या साली मी एकटाच जाऊन आणतो की नाही बघा. झाड तासून ठेवलंय."

नाकेदाराचा घास हातातच राहिला.

"काऊन केलं गा तू असं? तासलेलं झाड म्हंजे तोडाचं झाड! साहेब तोडाच्या झाडायले अशाच खुना करून गेले. उद्या सकाळी हातोडेवाले येऊन राह्यले. तासलेलं दिसलं का ते ठप्पा मारतेत, इचारत नाई."

उष्ट्या हातांनीच आम्ही तिघे चिखल तुडवत धावलो. सालीचा तुकडा बुंध्याशीच पडला होता. नाकेदारानं वारुळाची चिकट माती कालवून तो जागेवर बसवला, सांधे लिंपले, वरून शेवाळ दाबलं. मी माती देत होतो आणि मान वर करत नव्हतो. मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून नाकेदाराच्या ओट्यावर बसून राहिलो. रानातून हातोड्यांचे आवाज येत होते. प्रत्येक ठोक्याला मला वाटे, हा आपल्या सागावरचाच. संध्याकाळी नाकेदार आला, पाय धुतले आणि म्हणाला, "झाड राह्यलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कापडवाला हे ऐकून पुढे महिनाभर मला "ठेकेदार" म्हणत होता, जंगलतोडीचा.

पुढच्या श्रावणात गेलो तर सात्या तशाच आल्या होत्या. झाड मला लांबूनच ओळखू आलं, खुणेची गरजच नव्हती. लिंपलेली साल गळून गेली होती. पण सागानं चारी कडांनी नवी साल आणून जखम भरत आणली होती. मधे एका तळहाताएवढी जागा उरली होती. मी तिच्यावर हात ठेवला. बरोबर मावला.

"अजून दोन-चार सालांत तेबी भरते," नाकेदार म्हणाला. "मंग कोनी नाई म्हननार, तू केलं म्हनून."

मी हात काढला नाही.