शिक्का एकच निघाला तर?

अजून न घडलेल्या गोष्टींची काळजी माझ्या मामेसासऱ्यांइतकी जीव लावून करणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. लष्करी भांडारातली नोकरी संपवून मामा भिंगारला राहतात. स्कूटर लिंबाखाली लावत नाहीत, फांदी पडेल म्हणून. उन्हात लावत नाहीत, टायर फुटेल म्हणून. दिवसभर भिंतीच्या सावलीबरोबर ती सरकवत बसतात. कोपरगावपलीकडे एका लग्नाला निघालो, तेव्हा गोदावरीच्या पुलाशी गाडी थांबवून ते उतरले आणि मागून चालत आले. "पुलावरचा भार तेवढाच कमी," म्हणाले. चालत होते तेही पुलावरूनच.

त्यांच्या धाकट्या लेकीला बेंगळुरूत क्रिप्टो चलनाच्या कंपनीत नोकरी लागली. पेढे वाटायच्या आधी मामांनी कामाची चौकशी केली. तिने समजावलं : व्यवहारांचा एकेक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक. त्यातल्या मजकुरावरून गणित करून एक शिक्का निघतो, त्याला हॅश म्हणतात. मागच्या गठ्ठ्याचा शिक्का पुढच्यात असतो, त्यामुळे कुणी एक अक्षर बदललं तरी कळतं.

"अन् दोन निराळ्या गठ्ठ्यांचा शिक्का एकच निघाला तर?"

"तर खोटा गठ्ठा खऱ्याच्या जागी खपेल. पण अण्णा, शिक्के इतके आहेत, की प्रवरेतल्या वाळूचे कणसुद्धा कमी पडतील."

"प्रवरेत वाळू राहिलीय कुठं? जायचं न्हाई."

आम्ही हसलो. मामी हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की भिंगारात पूर्वी मामांच्याच नावाचा एक हमाल होता. वडिलांचं नावही तेच. दवाखान्यात दोघांचे तपासणीचे कागद बदलले गेले आणि हृदयाचं दुखणं मामांना सांगितलं गेलं. मामांनी निरवानिरव सुरू केली. फेरतपासणीत चूक कळली. दुसरा कुणी आनंदाने नाचला असता. मामा तडक स्कूटरवर बसून त्या माणसाला शोधत बाजारात गेले. तो पोती उचलत होता. त्याला तसाच दवाखान्यात नेला, म्हणून वाचला. "तवापासून कुनी 'असं होत न्हाई' म्हनलं, की यांची झोप उडती."

लेकीला हे ठाऊकच नव्हतं. ती मामांजवळ जाऊन बसली. "अण्णा, तुमची भीती खुळी नाही. जुन्या काही पद्धतींत एकच शिक्का खरंच दोनदा निघाला. काळजी करणाऱ्यांनीच तो शोधला, म्हणून लोक नव्या पद्धतीकडे वळले. हल्लीच्या पद्धतीत तसं अजून सापडलेलं नाही. सापडायच्या आत पुढची तयार ठेवायची, हेच माझं काम."

मामांनी विचारलं, "म्हंजे, काळजी करायचा पगार देत्यात?"

"व्हय, अण्णा."

"मग जा. आपल्या घरात ते काम पिढीजात हाय."

ती गेली. सुरुवातीला मामा रोज फोनवर शिक्क्यांची खबर घेत. हल्ली विचारत नाहीत. परवा मी बसलो असताना तिचा फोन आला. "जेवलीस का?" एवढंच बोलले आणि तिचं बोलणं हसत ऐकत राहिले. तिने फोन ठेवला, तरी यांचा कानालाच होता.