नानांनी न गाळलेलं पान

नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते आणि आई महिनाभर देवपूरला माझ्याकडे राहिले. नाना म्हणजे माझे वडील. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात श्रावणातली पोथी तेच वाचत. कुणाच्या घरात काही वाद झाला, तरी लोक त्यांना विचारायला येत, "नाना, पोथी काय म्हणते?"

डॉक्टरांनी वाचायला मनाई केली, तेव्हा ते म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो."

शाळेत शिकवायला जाण्याआधी मी रोज एक अध्याय वाचू लागले. एका सकाळी ते पान आलं. पाळीतल्या बाईने वेगळं बसावं, तिचा स्पर्श झाला तरी दोष लागतो, अशा अर्थाचं. मी थांबले.

"का थांबलीस?"

"नाना, आज माझा दुसरा दिवस आहे. कालही मीच वाचलं."

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तीस वरीस मन्हं आथरून गोठामा व्हतं. तवय तुमनी पोथीले दया नही उनी?"

महिन्याचे ते चार दिवस ती गुरांशेजारी झोपायची. अंगात ताप असला तरी. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, याची लाज वाटली.

दुपारी शाळेतून आले, तर नाना माझी वाट बघत बसलेले.

"दारी आलेल्याला उपाशी धाडू नये, हे याच पोथीत आहे गं. ते पाळलं, तसं हेही पाळलं. तुझ्या आईला काय वाटतं, ते विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं."

"मग पोथी सोडून द्यायची?"

"सोडायची कशाला? पण डोळे मिटून नाही वाचायची."

श्रावणात मी गावी गेले. मारुतीच्या देवळात बरीच माणसं जमली होती. ते पान आल्यावर नाना गाळतील असं वाटलं, पण त्यांनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मी घरात पाळलं. माझं चुकलं. तुम्ही पाळू नका."

एक म्हातारबा तडक उठून गेले. बाकीचे बसून राहिले. मागच्या रांगेतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, मग एकीला हसू फुटलं. आईने पदराने डोळे टिपले आणि नानांना म्हणाली, "वाचा आता पुढे."