जगदेवरावांचं दोन राजांच्या शिवेवरचं घर

घरमालकी कशी करावी हे जगदेवरावांनी सांगावं आणि देवासकरांनी ऐकावं, असा एके काळी रिवाजच पडला होता. डोंबलाचा रिवाज! भाड्यानं दिलेलं घर एक, तेही चार खणांचं, आणि तोरा असा की अख्खी पेठ यांनीच वसवली. मारुतीच्या ओट्यावर सुपारी कातरत सांगायचे, "भिया, भाडेकरू गरीब नको, गरजू हवा. गरजू माणूस कौलं गळली तरी तोंड उघडत नाही." मग उन्हाळ्यात कौलं चाळायची कशाला? हे सारं त्यांच्या बायकोच्या, जमुनाबाईंच्या, कानावर यायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्या पुटपुटायच्या आणि भाकरी थापायच्या.

कारण ते घर त्यांच्या पाटल्या मोडून घेतलेलं. पाटल्या काढून देताना त्यांनी एकच वचन मागितलं होतं. त्यांची धाकटी बहीण राजाबाई धारला विधवापणी दिरांच्या घरी राबत होती. तिच्यावर बाहेर पडायची वेळ आली, तर हे घर तिला राहायला द्यायचं. "अगं, म्हणजे काय!" असं जगदेवराव तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले होते.

आता देवासची तऱ्हा अशी, की गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. आणि या घराच्या मधल्या अंगणातूनच दोघांची शीव गेलेली, पुढच्या खोल्या थोरल्यांकडे, मागच्या धाकट्यांकडे. असली ब्याद कुणी घेईना, म्हणून स्वस्तात मिळाली. थोरल्यांचा शिपाई घरपट्टी मागायला आला की जगदेवराव सांगत, चूल मागं आहे, घर धाकट्यांचं. धाकट्यांचा आला की, दार पुढं आहे, घर थोरल्यांचं. दमडी कुठंच भरली नाही. वर ही अक्कल ओट्यावर मोठ्यानं वाटायची! ऐकणाऱ्यांत त्यांचाच भाडेकरू दत्ताजी असे, आणि तो मन लावून ऐके.

आखातीच्या सणाच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास राजाबाईचा निरोप आला. दिरांनी बोचकं दाराबाहेर ठेवलं होतं. "घर रिकामं करून घ्या," जमुनाबाई म्हणाल्या.

दत्ताजी हलेना. कौलं मी चाळली, आता घर माझंच समजा, म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा! जगदेवराव थोरल्यांचा शिपाई घेऊन आले, तर खाट, चूल, सगळं बिऱ्हाड मागच्या खोल्यांत. "मी धाकट्या पातीत राहतो, सरकार." शिपाई शिवेशी थांबला आणि परत फिरला. धाकट्यांचा शिपाई आणला, तर तुळशीच्या कुंडीसकट बिऱ्हाड पुढं. दत्ताजीनं हात जोडले. "रावसाहेब, तुमचीच शिकवण."

शेवटी जगदेवराव दोन्ही कचेऱ्यांत धावले. दोन्हीकडच्या कारकुनांनी एकच विचारलं, "मालक म्हणता, तर घरपट्टीची पावती?"

पावती कुठली! दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं व्हायचं तेच झालं. दोन राजे असलेल्या गावात हे एकाच्याही पातीत घरमालक निघाले नाहीत. आणि घरी येऊन बायकोला काय सांगतात? "कायदाच कच्चा आहे."

तिसऱ्या प्रहरी राजाबाईची बैलगाडी त्यांच्या राहत्या घराच्या दाराशी लागली. जमुनाबाई उठल्या. नवऱ्याच्या खोलीत गेल्या, गादी गुंडाळली, तक्क्या उचलला, अडकित्ता वर ठेवला आणि सगळं अंगणात आणून टाकलं. मग बहिणीचं बोचकं त्या खोलीत नेऊन ठेवलं.

"अगं, मग मी निजू कुठं?" जगदेवराव म्हणाले.

"पुढं ओटी आहे, मागं गोठा आहे. कोणत्या पातीत निजायचं ते तुम्हीच ठरवा. त्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही."

जगदेवरावांनी गादी उचलली आणि गोठ्यात गेले. ओटीवर निजले असते तर लोकांनी पाहिलं असतं.